अनुभव धागा: रोजच्या वापरातली यंत्रं, साधी बरी की फीचरवाली?

अबोली_फोंडा
चवथीची साफसफाई चालू आहे. माळ्यावरून बाबांचा नोकिया ११०० निघाला आणि झाडू तसाच राहिला. २००३ साली आलेला फोन, जगभर २५ कोटींच्या वर खपला, म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असणारच. डोक्यावर टॉर्च, धूळ आत जाऊ नये म्हणून बटणांवर एकसंध रबर. पावसात वीज गेली की बाबा अंधारात चाचपून टॉर्च लावायचे आणि विहिरीकडे जायचे. आता स्मार्टफोनवर वरून पडदा खाली ओढायचा, त्यात टॉर्च शोधायचा. परवा त्या गडबडीत विमानाचं चिन्ह दाबलं गेलं. सकाळभर फोन लागेना, मी ऑफिसात रडकुंडीला आले. फीचर असू देत हो, पण रोजचं काम बोटाला लगेच सापडायला हवं. तुमच्याकडे काय?

डिचोलीकर
टीव्ही!! एक रिमोट टीव्हीचा, एक सेटटॉप बॉक्सचा. आय चुकून सोर्सचं बटण दाबते, पडद्यावर 'नो सिग्नल', आणि शेजारचा पोर येईपर्यंत सिरियल संपलेली. शेवटी टीव्हीच्या रिमोटवर चालू-बंद सोडून सगळीकडे चिकटपट्टी लावली. आय खूश.

काणकोणची_सून
@डिचोलीकर कसली चिकटपट्टी? आमच्याकडे घामाने सुटते.

डिचोलीकर
वायरमनची काळी.

माई_केळशी
इंडक्शन. वाटणाच्या ओल्या हाताने बोट लावलं तर ऐकतच नाही, आणि दूध उतू जाऊन काचेवर आलं की स्वतःच बंद पडतं. मुलगा म्हणाला, बोट टेकलं की तिथल्या विद्युतधारणेत, म्हणजे वीज साठवायच्या क्षमतेत, फरक पडतो, तो ते ओळखतं. पाण्यानेही तसाच फरक पडतो, मग त्याचा गोंधळ होतो. स्वयंपाकघरात हात कोरडा कधी असतो सांगा बाय? मिक्सरचा गोल खटका बघा. १, २, ३, नजर कढईवर ठेवूनही कळतं कुठे आहे. हुमणाचं, म्हणजे माशाच्या आमटीचं, वाटण बारीक होत आलं की आवाजावरून समजतं, हात आपोआप मागे फिरतो.

रापणकार
माई, बांगड्याच्या हुमणाला तेफळं किती?

माई_केळशी
सात-आठ. ठेचून, बिया काढून, शेवटी घालायची. वाटायची नाहीत.

म्हापशाची_वहिनी
आमची जुनी वॉशिंग मशीन सेमी ऑटोमॅटिक, फिरवायच्या खटक्यांची. वीज गेली, आली, खटका फिरवला, पुढे चालू. नवीन मशीनचं बोर्ड ऐन चवथीआधी गेलं. मेकॅनिक म्हणतो दुरुस्त होत नाही, पूर्ण बदला. पडदे सगळे हाताने धुतले. कंबर गेली.

अबोली_फोंडा
अगो वहिनी 😟 शेक घे.

पेडण्याचो_भाचो
साधं विकलं जात नाही असं कोण म्हणतं? २०१७ मध्ये सारेगामाचं कारवां आलं, रेडिओसारखं दिसणारं, आत ५००० गाणी भरलेली. नेट नको, ॲप नको. आजोबा ट्रान्झिस्टरवर काटा आकाशवाणी पणजीला लावून ठेवायचे, त्यांना ते पहिल्याच संध्याकाळी जमलं. कोणाला विचारावं लागलं नाही, याचाच त्यांना जास्त आनंद.

सत्तरीकर
थोडं वेगळं लिहितो. माझ्या बहिणीला दिसत नाही. बटणांच्या फोनवर ती नंबर सफाईने लावायची, पण आलेला मेसेज आमच्यापैकी कोणीतरी वाचून दाखवायचा. म्हणजे तिचं खाजगी असं काही नाहीच. आता अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक आहे. बोट टेकवलं की फोन नाव बोलतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो. आयफोनवर अशी सोय २००९ पासून आहे. मैत्रिणीचा मेसेज ती कानाला फोन लावून एकटीच ऐकते आणि हसते, आम्हाला सांगत नाही. हे फीचरमुळेच झालं, म्हणून सरसकट नको म्हणू नका.

अबोली_फोंडा
सत्तरीकर, अगदी पटलं. हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं.

काणकोणची_सून
माझ्या मावशीची नजर खूप कमी झालीय. हे टॉकबॅक कुठे असतं?

सत्तरीकर
सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी. तिथे शॉर्टकट चालू करून ठेवा, मग आवाजाची दोन्ही बटणं एकत्र तीन सेकंद दाबली की चालू, तशीच परत दाबली की बंद. आधी हे बंद करणंच मावशींना शिकवा. चालू झाल्यावर एका टिचकीने काही उघडत नाही, फोन बिघडला वाटून माणसं घाबरतात. अडलं तर इथेच विचारा, बहिणीला विचारून सांगतो.