मदत हवी आहे: कधी न केलेल्या कामाची आवड कल चाचणीतून कशी ओळखावी?

नमस्कार. माझी भाची यंदा दहावी उत्तीर्ण झाली असून अकरावी विज्ञान की तंत्रनिकेतनातील डिप्लोमा, या प्रश्नावर घरातला निर्णय अडला आहे. शिक्षकांच्या सल्ल्याने तिने एका समुपदेशकांकडे कल (कशाची आवड आहे) आणि अभिक्षमता (कोणते काम शिकण्याची क्षमता आहे) अशा दोन्ही चाचण्या दिल्या. अभिक्षमतेत अवकाशीय आकलन (वस्तूंचे आकार व मांडणी मनात पाहता येणे) आणि यांत्रिक तर्क हे घटक बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे वर आले. कल चाचणी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी मांडलेल्या आवडींच्या सहा प्रकारांवर आधारलेली होती. या चाचणीत मात्र 'सामाजिक' हा प्रकार पहिला आला आणि यंत्रे, अवजारे व हातांनी करायची कामे ज्यात मोडतात तो 'वास्तववादी' प्रकार अगदी शेवटी गेला. त्यावरून अहवालात अध्यापन आणि नर्सिंग ही क्षेत्रे सुचवली आहेत.

समुपदेशकांच्या परवानगीने आम्ही तिची उत्तरे पुन्हा वाचली. विजेची उपकरणे दुरुस्त करण्याच्या विधानापुढे 'आवडत नाही' अशी खूण होती. कारण विचारल्यावर ती म्हणाली, "मामा, मी ते कधी केलंच नाही, मग आवडतं असं कसं लिहू?" मुलांना शिकवणे आणि आजाऱ्याची काळजी घेणे यांपुढे होकार होता, कारण धाकट्या भावाचा अभ्यास आणि आजीची औषधे तीच पाहते. विहिरीवरची मोटर बिघडली की हाक चुलतभावाला जाते. तिने उत्तरे प्रामाणिकपणे दिली, यात शंका नाही. परंतु आजवर जे तिच्या वाट्याला आले तेवढेच त्यांत उतरले, असे मला वाटते.

सुचवलेली क्षेत्रे कमी प्रतीची आहेत असे मी मानत नाही, आणि केवळ गुण वर आले म्हणून तिला यंत्रांकडे ढकलणेही अन्यायाचे होईल. विज्ञान शाखेत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवले तर निर्णय बारावीपर्यंत लांबवता येतो, पण अभ्यासाचा भार वाढतो. डिप्लोमा तीन वर्षांचा आहे आणि त्यानंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. मात्र तिथे शाखा आताच ठरवावी लागते.

ओळखीच्या एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तिला काही दिवस बसवावे आणि मग कल चाचणीतली तीच विधाने पुन्हा भरायला द्यावीत, असा माझा विचार आहे. इतक्या थोड्या अनुभवानंतर बदललेल्या उत्तरांवर कितपत विसंबावे? नव्या कामाची हौस आणि टिकणारी आवड यांतला फरक तिला स्वतःला ओळखता यावा, यासाठी त्या दिवसांत तिने कशाची नोंद ठेवावी? समुपदेशन करणाऱ्यांनी, तसेच डिप्लोमा केलेल्या मुलींनी कृपया सविस्तर लिहावे.