पाड्यावरचे समाजमंदिर: भिंतीवर वारली चित्रे काढली की पुरे का?

प्रश्न
नमस्कार. मी नाशिकला वास्तुरचनाकार म्हणून काम करते. जव्हार तालुक्यातील एका वारली पाड्यासाठी समाजमंदिर बांधायचे आहे. निधी देणाऱ्या संस्थेने आराखडा जवळजवळ ठरवूनच दिला असून आरसीसीचा सांगाडा, विटांच्या भिंती आणि पत्र्याचे छप्पर असलेल्या या इमारतीत ‘आदिवासी ओळख’ दिसावी म्हणून दर्शनी भिंतीवर वारली चित्रे काढून घ्यावीत, असे तिचे म्हणणे आहे. अंदाजपत्रकात ही चित्रे ‘रंगकाम’ या सदरात, डिस्टेंपरच्या खालच्या ओळीत आहेत, आणि ती ओळ वाचल्यापासून मला स्वस्थता नाही. ज्यांची वास्तू, त्यांनीच ती घडवण्यात पुढाकार घेतल्याची उदाहरणे कोणाला ठाऊक आहेत का? कुडाची भिंत सुचवली, तर ती दरवर्षी लिंपणार कोण, असे संस्था विचारते.

उत्तर १
मी वॉशिंग्टनजवळ राहतो, म्हणून तेथील अमेरिकन इंडियन, म्हणजे अमेरिकेतील मूळ रहिवासी, लोकांच्या राष्ट्रीय संग्रहालयाविषयी लिहितो. २००४ साली खुल्या झालेल्या या इमारतीची मूळ कल्पना कॅनडातील ब्लॅकफूट या मूळ रहिवासी जमातीच्या वारशाचे वास्तुरचनाकार डग्लस कार्डिनल यांची. त्यासाठी निरनिराळ्या जमातींच्या लोकांशी दीर्घ सल्लामसलत झाली होती, आणि तिची खूण इमारतीच्या अंगातच सापडते: प्रवेशद्वार उगवतीकडे आहे, मिनेसोटा राज्यातील कासोटा गावच्या चुनखडी दगडाच्या खडबडीत भिंती वाऱ्यापाण्याने झिजलेल्या कड्यासारख्या वळत जातात आणि आवारात पाणथळ जागा व पिकांचे वाफे आहेत. १९९८ मध्ये करारावरील वादातून कार्डिनल यांना काम सोडावे लागले. तरीही पुढच्या कामात चेरोकी-चोक्टॉ वंशाचे वास्तुरचनाकार जॉनपॉल जोन्स आणि होपी कलावंत रमोना साकिएस्टेवा होते, त्यामुळे त्या समाजांचा शब्द उरला. आपणही पाड्यावरून एकच प्रतिनिधी घेऊन थांबू नये, असे मला मनापासून वाटते.

उत्तर २
ताई, मी स्वतः वारली असून डहाणू तालुक्यात शिक्षिका आहे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा आम्हांला फार अभिमान आहे. परंतु चित्र हे मुळात लग्नघरातले. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते आणि सुवासिनी घराच्या आतल्या भिंतीवर, गेरूवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी चित्र, काढतात. त्या चौकात पालघाट देवी बसते. तो चौक रस्त्याकडच्या भिंतीवर ऑइलपेंटने काढणे मला पटत नाही. तारपा या फुंकवाद्यावरचा नाच किंवा भातलावणी बाहेर काढायला माझी हरकत नाही. मात्र समाजमंदिरात लग्ने लागणार असतील, तर चौकासाठी आत मातीची एक भिंत आणि तिच्यासमोर बायकांना बसायला पुरेशी जागा हवी, आणि ती आराखड्यातच धरावी लागेल.

आता कुडाविषयी. कारवीच्या काठ्या उभ्या लावून बांबूच्या आडव्या पट्ट्यांनी बांधतात आणि वर शेणमाती लिंपतात. पावसाच्या झडीने खरवडलेला भाग माझी आई पाऊस सरल्यावर लिंपून घेते. ओल्या मातीत तिच्या बोटांच्या कमानी एकीखाली एक उमटत जातात. प्रत्येक घरी हे काम बायकाच करतात. त्यांना बैठकीला बोलावलेच नसेल, तर भिंत कोण लिंपणार हा प्रश्न संस्थेला पडणारच.

प्रश्नकर्ती
आपण दोघांचे मनापासून आभार. आमच्या बैठकीला गावातले तिघे जण होते आणि तिघेही पुरुष होते, हे मला दुसरे उत्तर वाचताना आठवले आणि वाईट वाटले. पुढची बैठक भाताची झोडणी उरकल्यावर पाड्यावरच, बायकांच्या सोयीच्या वेळी घ्यायची आणि तोवर आराखडा कोरा ठेवायचा, असे मी संस्थेला कळवले आहे. चित्रांची ओळ रंगकामातून काढून तिच्या जागी पाड्यावरील स्त्रियांना रचनेच्या कामाचे मानधन द्यावे, असेही सुचवले आहे. त्यावर संस्थेचे उत्तर अजून आलेले नाही.