केळीच्या कागदावर ‘हँड’ म्हणजे नेमकं काय?

रावेरकर: राम राम मंडळी. आमच्या बागेतला माल यंदा पहिल्यांदाच आखातात जातोय. व्यापाऱ्याच्या कागदावर जिथे तिथे ‘हँड’ आणि खोक्यांवर ‘५एच’, ‘६एच’. वर ‘शेवटचे हँड काढा’ अशी सूचना. मजुरांना नीट समजावून सांगायचंय.

यावलचा शेतकरी: भाऊ, हँड म्हणजे फणी. घड तो बंच, एकेक केळ ते फिंगर. ५एच म्हणजे खोक्यात पाच फण्या. वजन सगळ्यांचं तेच, १३ किलोच्या आसपास, म्हणून आकडा लहान तितकी फणी भरदार. शेवटचे हँड काढणं तर आपण करतोच. घड निसवला की टोकाच्या बारक्या फण्या कमळासोबत (केळफुलासोबत) मोडतो, म्हणजे वरच्या पोसतात.

खरं लक्ष द्या ते फणी कापताना. दांड्याचा जो भाग फणीला राहतो त्याला ते क्राउन म्हणतात. बुरशी तिथेच धरते. विळा धारदार हवा, काप एका झटक्यात आणि गुळगुळीत. मग फणी लगेच पाण्यात, चीक निघून जाऊ द्या. चिकाचा डाग सालीवर वाळला की माल बाजूला काढतात, आणि वर्षभराची मेहनत तिथे जाते हो.

‘बंच’ शब्दाला मात्र जपा. शेतीत तो अख्खा घड, पण परदेशातलं गिऱ्हाईक दुकानात पाच-सहा केळ्यांनाही बंचच म्हणतं. सौदा बंचवर असेल तर किलोत लिहून घ्या.

शहादेकर: हँड घोड्याच्या उंचीचंही माप आहे. एक हँड म्हणजे ४ इंच. जमिनीपासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत मोजतात. १५.२ लिहिलं तर १५ हँड आणि २ इंच, म्हणजे ६२ इंच. १५.३ च्या पुढे थेट १६. आमच्या सारंगखेड्याच्या यात्रेत सौदे इंचातच होतात, परदेशी जाहिरात वाचताना मात्र हे लागतं.

अमळनेरच्या बाई: घड्याळाचा काटा हँड, पत्त्यांत हाती आलेली पानंही हँड, शेतावरचा गडीसुद्धा हँडच. सोबतचा शब्द बघून अर्थ लावायचा, मुलांनाही मी तेच शिकवते.

रावेरकर: आभार सगळ्यांचे. मजुरांना ‘फणी’च सांगतो. यावलवाले दादा, पाण्यात तुरटी किती टाकता?