फ्रिजच्या खोक्याचं घर पावसाळ्यात टिकेल का?

पडवीवाली (गुहागर)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे नवा फ्रिज आलाय आणि घरात कौतुक चाललंय त्याच्या खोक्याचं. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. दोघांनी खोकं पडवीत ओढून नेलं आणि दार कुठे, खिडकी कुठे, सगळं ठरवूनही टाकलं. मुलीला आजोळच्या घरासारखं हवंय, म्हणजे चिऱ्याच्या भिंती आणि वर कौलं. धाकट्याची मागणी एकच, आतून कडी.

अडचण हवेची आहे. आषाढातला पाऊस, पडवीच्या कोब्याला घाम सुटलेला. ब्राऊन टेपने जोडलेला कोपरा सकाळी सुटलेलाच दिसतो. नेटवरचे व्हिडिओ सगळे कोरड्या हवेतले. इथे कुणी केलंय का असं घर? रंग कुठला द्यावा? सासूबाई खळ करून देते म्हणतात, ती चालेल ना?

मालवणकरीण

गो बाय, कर बिनधास्त. आमच्या पोरांनी गेल्या वर्षी खोक्याक खिडकी पाडल्यानी, नि पयलो गृहप्रवेश मांजरान केल्यान. टेपच्या भानगडीत पडा नको, इतक्याच सांगतंय.

पेटीवाला (देवगड)

ताई, आमचं अर्धं आयुष्य खोक्यांत गेलं. उन्हाळ्यात हापूसच्या पेट्या भरायच्या, भाद्रपदाआधी वाडीतली मखरं करायची. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा आमची मखरं पुठ्ठ्यावर आली. तेव्हापासून ऐन पावसात पुठ्ठ्याशी माझं भांडण चालू आहे.

पहिलं म्हणजे खोक्याची कड बघा. आतल्या पन्हळी उभ्या हव्यात, वरून खाली गेलेल्या. खोकं आडवं करून ठेवलंत तर पन्हळीही आडव्या होतात, मग भिंत वजनाने दबते. कडेला पन्हळीचे दोन थर दिसले तर तो पाच प्लाय, मोठ्या घराला उत्तम. एकच थर असेल तर तीन प्लाय. तो दाराखिडक्यांच्या झडपांना ठेवा, भिंतीला नको. पितळी दिसणाऱ्या जाड पिना आधी पक्कडीने उपटून टाका. पोरांना लागतात, आणि आपल्या हवेत गंजून डागही पाडतात.

पुठ्ठा मऊ पडायला सुरुवात खालून होते. कापलेली कड जमिनीची ओल वर ओढते. दुधाच्या पिशव्या धुऊन, पुसून, उभ्या कापा. त्यांची पट्टी खालच्या कडेवर दुमडून घाला आणि दाभणाने भोकं पाडून सुतळीने धावदोरा घाला. कोपरेही असेच शिवायचे, सुतळीला दमट हवेचं काही वाटत नाही. भोकं तुम्ही पाडा, सुतळी ओवायचं काम मुलीला द्या. ती तासभर जागची हलणार नाही.

खळीला मात्र नको म्हणा. सासूबाईंना सांगा, दिवाळीत आकाशकंदिलाला करूया. पावसात खळीला बुरशी धरते आणि झुरळं, कसर तिच्या वासाने येतात. जुनी माणसं म्हणून त्यात मोरचूद घालायची. ते विष आहे, ज्या घरात चार वर्षांचं पोर भिंत चाटून बघणार तिथे त्याचं काम नाही. फेविकॉल वापरा, पातळ हात द्या आणि रात्रभर वर वजन ठेवा.

आता कौलं, ही खरी गंमत. तीन प्लायचा तुकडा घ्या, वरच्या कागदावर ओलं फडकं हलकेच फिरवा आणि थोडं थांबा. कोपऱ्यातून नखाने कागद सुटायला लागतो. तो सावकाश सोलला की खालची पन्हळ उघडी पडते आणि कौलाच्या रांगा आयत्या मिळतात. पाणी जास्त झालं तर पन्हळच सपाट होते, म्हणून फडकं घट्ट पिळून घ्या. असे पट्टे पाखीवर खालून वर लावत या, वरचा खालच्यावर दोन बोटं चढवून. मुलीला आजोळच्या छपराकडे नीट बघायला सांगा, तीच तुम्हाला क्रम सांगेल.

चिऱ्यांसाठी भांडी घासायच्या स्पंजचा चौकोनी तुकडा कापा. गेरूत थोडं पाणी आणि थोडं फेविकॉल कालवा, नुसता गेरू कपड्यांना लागतो. स्पंज बुडवा, निथळू द्या, मग ठसा. स्पंजच्या भोकांमुळे जांभ्याचा खडबडीतपणा आपोआप येतो. मधे बोटभर फट सोडा. वरच्या ओळीचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका, गवंडी हसेल! एकाच बाजूला ओला रंग दिला की पुठ्ठा वाळताना त्या बाजूला वळतो, म्हणून आतूनही एक हात मारा आणि पंखा चालू ठेवा. पांढऱ्यासाठी चुना नको, डोळ्यांत गेला तर महागात पडेल. पोस्टर कलर आणा.

पडवीवाली

किती बारकाईने लिहिलंत दादा! कौलाचा तुकडा सोलून पाहिला, मुलगी नाचायलाच लागली. आता धाकट्याच्या कडीचं काय करू? आणि तिला दारात तुळशीवृंदावनही हवंय.

दापोलीची आजी

कडी म्हणजे कोटाचं मोठं बटण आणि दोऱ्याचा फास. आतून त्याला लावता येते, बाहेरून आपण ओढलं तर सुटते. दुसरं काही लावू नकोस गं. आत भातुकली मांडली तरी पणती, उदबत्ती लावायची नाही, हे पहिल्या दिवशीच सांगून ठेव.

पेटीवाला (देवगड)

आजींची कडी झकास. दार कापताना बिजागरीच्या बाजूला कटरने फक्त आतला कागद चिरा, बाहेरचा राहू द्या. दार बाहेर उघडतं आणि तुटत नाही. कटर मात्र तुमच्याच हातात.

वृंदावन चपलांच्या खोक्याचं करा, वर तुळस कागदाची. खरी कुंडी ठेवलीत तर तिचं पाणी पुठ्ठ्यात उतरेल. आणि घर पडवीच्या आतल्या भिंतीला लावा, पागोळ्यांचे शिंतोडे कुठवर येतात ते एकदा जोराच्या सरीत बघून घ्या.