मदत हवी आहे: वायरमध्ये मँगनीज १.०२, वेल्डमध्ये १.८५ कसं?

जोडकाम
तातडीचं आहे. सॉ वेल्डिंगचा (फ्लक्स नावाच्या दाणेदार पावडरीखाली आर्क चालतो ते) जॉब केमिकलला, म्हणजे वेल्डच्या रासायनिक तपासणीला, फेल झाला. मँगनीज १.८५ टक्के, सिलिकॉन ०.८४. वायर ईएम१२के ग्रेडची, टीसीवर (पुरवठादाराच्या टेस्ट सर्टिफिकेटवर) मँगनीज १.०२ आणि सिलिकॉन ०.२२ छापलंय. म्हणजे टीसी एकीची आणि वायर दुसरीच. इन्स्पेक्टर म्हणतो हार्डनेसही जास्त आहे. पुरवठादाराला तक्रारीचं पत्र टाकायचंय, मुद्दे काय घालू? उद्या सकाळपर्यंत हवं.

ठिणगी
फ्लक्स कोणता? व्होल्टेज, अँपिअर? प्लेटची जाडी? पास (वेल्डच्या फेऱ्या) किती? रीडिंग कुठल्या थरावर घेतलं? यातलं एकही लिहिलं नाही आणि निकाल देऊन मोकळे झालात.

जोडकाम
फ्लक्स नेहमीचाच आहे हो. प्रश्न वायरचा आहे.

भट्टीवाला
फ्लक्स बेक करता का? ३०० ते ३५० अंशांवर दोन तास ठेवल्याशिवाय आम्ही हॉपरमध्ये टाकतच नाही. निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

ठिणगी
भट्टीवाले, ओल्या फ्लक्समुळे हायड्रोजन येतो, पोरोसिटी (वेल्डमध्ये बारीक भोकं) येते, गार झाल्यावर तडे जातात. मँगनीज कुठून येईल?

भट्टीवाला
मी चांगल्या सवयीबद्दल सांगितलं. ऐकायचं नसेल तर राहिलं.

चिमटा
जोडकाम, 'नेहमीचाच' म्हणजे काय ते पोत्यावर वाचा. ॲक्टिव्ह लिहिलंय की न्यूट्रल? ॲक्टिव्ह फ्लक्समध्ये मँगनीज-सिलिकॉन मुद्दाम घातलेलं असतं, गंजलेल्या प्लेटवरही एकदोन पासात पोरोसिटीशिवाय काम निघावं म्हणून. व्होल्टेज चढवलं की आर्क लांबतो, किलोभर वायरमागे जास्त फ्लक्स वितळतो आणि त्यातला माल वेल्डमध्ये उतरतो. वायर तीच, फ्लक्स तोच, नुसता नॉब फिरवला तरी केमिकल हलतं.
आणि वायरच्या तुकड्याचं केमिकल लॅबमधून करून घेतलंत का? त्याशिवाय पत्र टाकलंत तर समोरचा पहिलं हेच विचारेल.

बेसिकबुवा
इतका घोळ कशाला? बेसिसिटी ३ च्या आसपासचा फ्लक्स घ्या, विषय संपला. आम्ही दहा वर्षं दुसरा फ्लक्स आत येऊ दिलेला नाही. ॲसिडिक फ्लक्सने वेल्डमधला ऑक्सिजन ७०० पीपीएमच्या वर जातो, बेसिकने ३०० च्या आसपास राहतो. इम्पॅक्ट व्हॅल्यू (आघात सोसण्याची ताकद) बघा म्हणजे कळेल.

चिमटा
बुवा, इम्पॅक्ट कोणी विचारलाय? बेसिक आणि न्यूट्रल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेसिसिटी म्हणजे स्लॅगमधल्या (वितळलेल्या फ्लक्सच्या थरातल्या) चुना-मॅग्नेशिया-फ्लोराइडचं सिलिका-ॲल्युमिनाशी प्रमाण. न्यूट्रल म्हणजे व्होल्टेज बदललं तरी मँगनीज-सिलिकॉन फारसं न हलणारा. बेसिसिटीच्या तक्त्यात १ ते १.५ ला सुद्धा 'न्यूट्रल' म्हणतात, तिथूनच सगळा गोंधळ.

बेसिकबुवा
पुस्तकी. आमच्याकडे बेसिकवर कधी केमिकल फेल झालं नाही.

ठिणगी
तुमच्याकडे व्होल्टेजला कोणी हात लावत नसेल.

नवशिक्या
मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या सीओटू वेल्डिंगला पिनहोल येतात, गॅसचा फ्लो वाढवू का?

भट्टीवाला
प्लेट आणि वायर कोरडी आहे का?

ठिणगी
वेगळा धागा काढा. आणि फ्लो जास्त केला तरी बाहेरची हवा आत ओढली जाते.

जोडकाम
पोत्यावर 'ॲक्टिव्ह' आहे. पण आधीच्या जॉबला हाच होता, तेव्हा काही झालं नाही. प्लेट ३२ मिमी, सिंगल व्ही (एकाच बाजूने व्ही आकाराची खाच), चौदा पास. ५५० अँपिअर. रीडिंग अर्थातच वरच्या थरावर, आत कोण जातं. लॅबला तुकडा पाठवलाय.

चिमटा
आधीच्या जॉबची प्लेट किती जाडीची होती? आणि व्होल्टेज अजून लिहिलंच नाही.

जोडकाम
१० मिमी, दोन्हीकडून एकेक पास. व्होल्टेज ३६.

ठिणगी
छत्तीस!

जोडकाम
३० होतं. कॅप (सगळ्यात वरचा थर) अरुंद येत होती, म्हणून मीच वाढवलं. बीड (वेल्डची पट्टी) छान रुंद आली. मीटर मशीनचा आहे, केबल लांब आहे, त्यामुळे आर्कवर एकदोन व्होल्ट कमीच असेल.

चिमटा
कमी धरलं तरी ३४. दोन पासात निम्म्याहून जास्त धातू प्लेटचा असतो, म्हणून तेव्हा वाचलात. चौदा पासात प्रत्येक थर खालच्या, आधीच मँगनीज खाल्लेल्या थरात मिसळतो. वर जाल तसं चढत जातं आणि हार्डनेसही त्याच्याबरोबर. ॲक्टिव्ह फ्लक्स साधारण २५ मिमीच्या वर वापरू नका, असं उत्पादकच सांगतात.
खात्री करायची तर त्याच वायरने, त्याच फ्लक्सने दोन पॅड (चाचणीसाठी थरावर थर) घाला, एक २८ व्होल्टला, एक ३६ ला. बाकी काही हलवायचं नाही. दोन्हीच्या वरच्या थरातल्या मँगनीजचा फरक आणि सिलिकॉनचा फरक, बेरीज करून १०० ने गुणा. ३५ पर्यंत आला तर न्यूट्रल.

उभाआर्क
किंवा व्होल्टेज तेच ठेवून अँपिअर वाढवा. वायर जास्त वितळते, त्या मानाने फ्लक्स कमी.

ठिणगी
आणि बीड खोल-अरुंद झाली की मधोमध तडा. त्याचा धागा तुम्ही काढणार का?

उभाआर्क
मी फक्त केमिकलचं बोललो.

बेसिकबुवा
बेसिक घेतला असता तर एवढी चर्चाच झाली नसती.

जोडकाम
दोन्ही पॅड झाले. २८ ला मँगनीज १.३८, सिलिकॉन ०.४८. ३६ ला १.८०, ०.८०. म्हणजे ४२ आणि ३२, एकूण ७४. लॅबचा रिपोर्टही आला, वायर १.०४. पत्र पाठवलं नाही.

चिमटा
२८ ला सुद्धा १.३८, म्हणजे नुसतं व्होल्टेज उतरवून भागायचं नाही. जाड प्लेटला न्यूट्रल फ्लक्स आणा. त्या वायर-फ्लक्स जोडीचं क्वालिफिकेशन (चाचणी घेऊन मंजुरी) नव्याने करा, जुनं चालणार नाही.

जोडकाम
ते करतो. पण याच सेटिंगवर घातलेले आणखी तीन सीम (वेल्डचे सांधे) आहेत. ते सगळे काढायचे?

ठिणगी
चौथ्या दिवशी सांगताय!

चिमटा
एकदम गाउजिंगला (वेल्ड कोरून काढायला) लागू नका. एका सीमवर वरून दोन-दोन मिमी ग्राइंड करत रीडिंग घ्या, प्रत्येक वेळी जागा नीट घासून. रूटकडे (तळाच्या थराकडे) प्लेटचा वाटा जास्त, तिथे लिमिटमध्ये असण्याची शक्यता आहे. किती खोलीपर्यंत जास्त येतंय ते कळलं की तेवढंच काढायचं, तेही इन्स्पेक्टरला विचारून.

जोडकाम
पहिले चार मिमी झाले. १.८५, १.८३. पुढे जातोय.