मदत हवी आहे: पीटीओ शाफ्टची रोल पिन काढायला कुठला पंच घेऊ?

मंडळी, रोटाव्हेटरच्या पीटीओ शाफ्टची (ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला देणारा फिरता दांडा) आतली नळी पिळवटलीय, क्रॉस (सांध्यातले अधिकच्या खुणेसारखे तुकडे) ठीक आहेत, नळी बदलायचीय पण योकमधली (नळीच्या टोकाचा काट्यासारखा जोड) 10 एमएमची रोल पिन (पोकळ, उभी चीर असलेली पिन) काही केल्या निघत नाहीये. घरातला टेपर (निमुळता) पंच लावून ठोकला तर तो पिनच्या पोकळीतच शिरून बसला आणि पिनचं तोंड फुललं, आता अजूनच घट्ट. डिझेल टाकून रात्रभर ठेवलंय. सरळ दांड्याचा पंच हवा हे कळलं, पण 9 चा घेऊ की 9.5 चा? टोकाला बारीक गोळी असलेला रोल पिन पंच बरा पडतो का? आणि योकखाली पोकळ नळीचा तुकडा ठेवला तर चालेल ना, पिन खाली उतरायला जागा पाहिजे म्हणून विचारतोय. रानात वापसा आलाय, दोन दिवसांत रोटा मारायचाय, प्लीज लवकर सांगा.