रिअल टाइम स्ट्रॅटेजी: डोकं जिंकतं की बोटं?

गढीवाला (धागाकर्ता)

वय 41. एज ऑफ एम्पायर्स 2 (गाव वसवायचं, सैन्य उभारायचं आणि पाळी न बघता एकाच वेळी लढायचं, असा कॉम्प्युटर गेम) पहिल्यांदा खेळलो ते हॉस्टेलच्या लॅनवर, ओरखडे पडलेल्या पायरेटेड सीडीवरून. त्याची कॉन्करर्स ही पुरवणी येऊन फार दिवस झाले नव्हते. मग नोकरी, ईएमआय, मुलीची शाळा यात पंधरा वर्षं गेली. गेल्या दिवाळीत त्याची नवी आवृत्ती, डेफिनिटिव्ह एडिशन, घेतली, महिनाभर कॉम्प्युटरशी खेळून हात बसवला आणि परवा रात्री पहिल्यांदा ऑनलाइन रँक्ड सामन्याला बसलो.

22 मिनिटांत खेळ खल्लास. वर समोरच्याने शेवटी 11 लिहिलं. माहीत नसलेल्यांसाठी: या खेळात चॅटमध्ये 11 टाकलं की खदाखदा हसण्याचा आवाज येतो आणि 14 टाकलं की 'आता सुरू करा एकदाचं' म्हणून कुणीतरी ओरडतं. हॉस्टेलात आमचं निम्मं बोलणं याच आकड्यांत चालायचं.

हरल्याचं काही नाही. खुपतंय ते हे की माझा डाव बरोबर होता. त्याच्याकडे चाळीसेक आर्चर, म्हणजे तिरंदाज. त्यावरचं शाळकरी पोराला माहीत असलेलं उत्तर म्हणजे मँगोनेल, दगड फेकणारं यंत्र. मी तीन काढल्या. एक दगड नेमका पडला तर दहा-पंधरा आर्चर आडवे होतात. पण दर वेळी दगड हवेत असतानाच त्याचा जथा मधोमध फाटायचा, दगड मोकळ्या मातीत पडायचा आणि पुढच्या क्षणी जथा पुन्हा एक. तिन्ही मँगोनेल गेल्या. आता सांगा, याला डावपेच म्हणायचे की पेटीवादन?

माझं मत सरळ आहे. नाव स्ट्रॅटेजी आणि आत टायपिंगची 40 ची परीक्षा. तुमचा आवडता खेळ कोणता आणि तुम्हाला काय वाटतं, लिहा.

टेस्ला_कॉइल

+1. म्हणूनच मी रेड अलर्ट 2 च्या पुढे कधी गेलो नाही. किरोव्ह हे बॉम्ब टाकणारं हवाई जहाज निघालं की घोषणा व्हायची आणि मग ते धूड गणपतीच्या मिरवणुकीसारखं रमतगमत यायचं. समोरच्याला विचार करायला, घाबरायला, चहा ठेवायला वेळ मिळायचा.

अरेबिया_रोज

काका, राग मानू नका, पण मँगोनेलचा विषय बाजूला ठेवा. विसाव्या मिनिटाला त्याच्याकडे 40 आर्चर होते. तुमच्याकडे तीन मँगोनेल आणि दुसरं काय? त्यांच्यापुढे उभं राहायला चार पाईकमन (भालेवाले) तरी होते का? आणि मुख्य म्हणजे तेव्हा तुमचे व्हिलेजर, म्हणजे कामकरी, किती होते?

मी रोज अरेबिया या मोकळ्या नकाशावर खेळतो, कॉलेज सुटल्यावर. माझं रेटिंग 1400 च्या आसपास आहे, म्हणजे मी काही कुणी मोठा नाही. पण हरलेला प्रत्येक माणूस शेवटची लढाई आठवतो, आणि खेळ दहाव्या मिनिटालाच गेलेला असतो.

गढीवाला

व्हिलेजर मोजले नव्हते. पुरेसे होते.

आणि बाळा, हे फक्त माझं रडगाणं नाही. 2019 च्या जानेवारीत डीपमाइंडने अल्फास्टार दाखवलं. स्टारक्राफ्ट 2 मध्ये या प्रोग्रामने टीएलओ आणि माना या दोन व्यावसायिक खेळाडूंना प्रत्येकी 5-0 ने हरवलं. मानाविरुद्धचा एक डाव बघ. मानाकडे इमॉर्टल आहेत, अल्फास्टारकडे स्टॉकर. नियमाने इमॉर्टल स्टॉकरला खातात. पण अल्फास्टारने तीन दिशांनी एकाच वेळी घेरलं आणि मार बसलेला प्रत्येक स्टॉकर मरायच्या आत उडी मारून मागे घेतला. एवढी अचूकता माणसाच्या हाताला शक्य नाही. कागदावर हरणारं सैन्य बोटांनी जिंकलं. माझ्या मँगोनेलचं झालं तेच, फक्त मोठ्या पडद्यावर.

सोलकर

(हे आडनाव नाही, नोकरीनिमित्त सहा वर्षं सोलमध्ये आहे म्हणून.)

गढीवाले, उदाहरण उत्तम निवडलंत, पण निम्मंच सांगितलंत. सरासरी काढली तर अल्फास्टारच्या मिनिटाला सुमारे 280 क्रिया होत्या आणि मानाच्या 390. म्हणजे एकूण हालचालीत माणूसच वेगवान होता. यंत्राचा फायदा ऐन लढाईतल्या काही सेकंदांत होता, शिवाय त्या आवृत्तीला अख्खा नकाशा एकदम दिसत होता. टीका झाली ती त्यावर, आणि ती रास्तच होती.

पण त्याच कार्यक्रमात थेट प्रक्षेपणात आणखी एक सामना झाला. तिथे यंत्राला माणसासारखा कॅमेरा हलवत बघावं लागत होतं, आणि तो माना जिंकला. कसा? वॉर्प प्रिझम या सैन्य वाहणाऱ्या विमानात दोन इमॉर्टल घालून तो शत्रूच्या तळाच्या मागच्या बाजूला उतरायचा. अल्फास्टारचं अख्खं सैन्य तिकडे वळायचं, की हा विमानात बसून पसार. पुन्हा उतरायचा. पुन्हा सगळं सैन्य माघारी. इतक्या वेगवान हाताला 'चार जण घरी ठेवू' एवढं सुचलं नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात 'नेचर'मध्ये पुढचा निबंध आला. त्या आवृत्तीला पाच सेकंदांत जास्तीत जास्त 22 क्रियांचा लगाम होता, तरी ती रँक्ड खेळणाऱ्या 99.8 टक्के खेळाडूंच्या वर गेली. बोटं बांधूनही जिंकली, मग बाकीचं कुठून आलं?

इथल्या पीसी बँगमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या सायबर कॅफेच्या थोरल्या भावात, अजून जुनं स्टारक्राफ्ट खेळणारे चाळिशीचे लोक दिसतात. त्यांचा देव बॉक्सर, लिम यो-ह्वान. 2004 च्या ओएसएल या कोरियन स्टारक्राफ्ट स्पर्धेच्या उपांत्य फेरीत समोर यलो हा खेळाडू. सगळा देश लांबलचक झुंजीच्या आशेने बसलेला. बॉक्सरने पहिल्याच डावात सैनिकांबरोबर कामगार नेले, यलोच्या दारात बंकर बांधला आणि डाव संपवला. दुसऱ्या डावात तेच. तिसऱ्यात पुन्हा तेच! 3-0. कितीतरी प्रेक्षक चिडले. हात दोघांचेही वेगवान होते. माझ्या मते तिसरा डाव जिंकला तो 'हा तिसऱ्यांदा तेच करण्याइतका निर्लज्ज नसेल' या समोरच्याच्या समजुतीवर.

शनिवारवाडा_ते_वाघोली

अहो, पालखेड विसरलात? 1728. निजामाकडे भारी तोफखाना, बाजीरावाकडे घोडी. जालना, बऱ्हाणपूर, गुजरात असा त्याला फिरवला, पाठलागाच्या नादात निजामाने अवजड तोफा मागे सोडल्या, आणि पालखेडला दाणापाणी तोडून कोंडला. मुंगी-शेवगावचा तह झाला. वेग हीच स्ट्रॅटेजी. विषय संपला.

गढीवाला

विषय कुठला संपतोय? तुमच्या उदाहरणानेच माझं म्हणणं पक्कं होतंय. बाजीरावाचा वेग निर्णयाचा होता. घोड्यांना वैरण कुणी घालायची, हे तो दर 25 सेकंदांनी सांगत नव्हता. त्याच्या हाताखाली होळकर-शिंद्यांसारखे सरदार होते. 'अमुक मुलूख मार' म्हटलं की पुढचं ते बघायचे. एज मध्ये सेनापतीलाच लाकूड फोडायला, मेंढरं हाकायला, रानडुक्कर अंगावर घेऊन टाउन सेंटरपर्यंत (व्हिलेजर तयार होतात ती मुख्य इमारत) पळायला लागतं. सेनापतीला हमाली लावायची आणि हमाली चांगली करणाऱ्याला म्हणायचं, वा, काय मुत्सद्दी!

टेस्ला_कॉइल

'सेनापतीला हमाली' झकास!

दुपारचं_ताट

मी खेळणाऱ्यांतला कमी आणि बघणाऱ्यांतला जास्त. आमची खानावळ आहे, दुपारी दीडशे ताटं जातात. रात्री भांडी आवरली की युट्यूबवर व्हायपर आणि हेरा या एजच्या बड्या खेळाडूंचे सामने लावतो.

आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी आहेत. नवीन बाई कामाला आली की तिचे हात मावशींपेक्षा भरभर चालतात. तरी तासाला पोळ्या मावशींच्या जास्त. मी एकदा बाजूला उभं राहून बघितलं. मावशींचा तवा रिकामा राहत नाही, एवढंच. एक उलटली की दुसरी लाटून तयार. नवी बाई झपाझप चार लाटते, मग तवा तापून धूर, मग धावाधाव.

मोठे खेळाडू बघताना मला मावशी दिसतात. ते लढाईत गुंतलेले असतात आणि मध्येच अर्धा सेकंद घरी जाऊन एक व्हिलेजर लावून परत येतात. त्याला हमाली म्हणा हवं तर. पण कुठल्या क्षणी लढाईवरची नजर काढली तर चालेल, हे कळणं मला तरी डोक्याचं काम वाटतं.

अरेबिया_रोज

दादा, नाद खुळा! तवा रिकामा राहता कामा नये, हेच मी काकांना सांगत होतो. एक व्हिलेजर म्हणजे 50 अन्न आणि गेमच्या घड्याळातले 25 सेकंद. टाउन सेंटर दोन मिनिटं रिकामं बसलं की जवळजवळ पाच व्हिलेजर गेले. ते पाच पुढची पंधरा मिनिटं जे लाकूड तोडणार होते, तेही गेलं. हे भरून काढायला कुठलीही मँगोनेल पुरत नाही.

झूम_आउट

दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरताय: हमाली ही खेळाची गरज आहे. ती नाही. ती इंटरफेसची निवड आहे.

जुन्या स्टारक्राफ्टमध्ये एका वेळी 12 च युनिट निवडता यायचे. शंभर झर्गलिंग पुढे न्यायचे म्हणजे नऊ वेळा तीच कसरत. 2010 च्या दुसऱ्या भागात ती मर्यादा उठली, तेव्हा जुनेजाणते ओरडले की खेळ बायल्यांचा झाला (शब्द त्यांचा, माझा नाही). एजमध्येही 1999 साली संपलेलं शेत हाताने पुन्हा पेरावं लागायचं, कॉन्करर्समध्ये गिरणीत आगाऊ शेतं लावायची सोय आली, डेफिनिटिव्हमध्ये ती आपोआप पेरली जातात. पृथ्वी बुडाली का? व्हायपर आधीही पहिल्या रांगेत होता, नंतरही.

माझा आवडता सुप्रीम कमांडर, 2007. माऊसचं चाक फिरवलं की अख्खं रणांगण एका नजरेत, सैन्याचे ठिपके. कारखान्याला एकदा सांगितलं की तो तेच बनवत राहतो. तवा स्वतःच पोळ्या लाटतो म्हणा ना. आज त्याच घराण्यातला बियॉन्ड ऑल रीझन फुकट मिळतो, 8 विरुद्ध 8 च्या लढाया होतात. गढीवाले, तुम्हाला सरदार हवेत ना? तिथे प्रत्येक बाजूला आठ आहेत.

अरेबिया_रोज

मी खेळलोय तो. छान आहे. पण तिथेही वरचे लोक वेगवानच आहेत. एक काम आपोआप झालं की मोकळा झालेला हात दुसरं काहीतरी उकरून काढतो. वेग जात नाही, जागा बदलतो.

सांगलीचा_घोडा

बुद्धिबळवाल्याचं मधेच नाक. विश्वनाथन आनंद लहानपणापासून भराभर खेळण्यासाठी प्रसिद्ध, आणि 2017 मध्ये 48 व्या वर्षी रियाधला जागतिक रॅपिड जिंकला. पोरं काय कमी वेगवान होती तिथे? वर्षानुवर्षं बघितलेल्या पटांमुळे त्याला विचार करावाच लागत नाही, दिसतं. बाहेरून तो वेग वाटतो.

गढीवाला

हे पटलं. पण आनंदला प्यादं सरकवायला तीन बटणं दाबावी लागत नाहीत. मला दिसलं होतं हो! दगड पडणार हेही दिसलं, जथा फुटणार हेही दिसलं. हात पोचला नाही.

आणि हॉस्टेलात असं नव्हतं. तिथे 40-50 मिनिटांचे डाव, भिंती, तटबंदी, युती, दगाबाजी. तिथे डोकं चालायचं.

सोलकर

एक विचारू? तुमच्याकडे 'नो रश'चा नियम होता का?

गढीवाला

होता. 20 मिनिटांचा तह. सगळ्यांकडेच असायचा.

सोलकर

मग झालं की. पहिली 20 मिनिटं कुणी येणारच नाही, म्हणजे भिंत कधी बांधायची, स्काउट कुठे पाठवायचा, लोभ किती धरायचा, यातलं काहीच ठरवायचं नाही. निम्मी स्ट्रॅटेजी तुम्ही करार करून बाहेर ठेवली होती. उरलेल्या निम्म्याची आठवण गोड आहे, मान्य.

टेस्ला_कॉइल

आमच्या कॅफेत ताशी 20 रुपये होते. सहाव्या मिनिटाला मेलो तर पैसे वाया. म्हणून नो रश. स्ट्रॅटेजी वगैरे काही नव्हतं त्यात.

गढीवाला

तीन दिवस गप्प होतो, कारण त्या सामन्याचं रेकॉर्डिंग कागद-पेन्सिल घेऊन बघितलं. अरेबियाच्या प्रश्नाचं उत्तर: 20 व्या मिनिटाला त्याचे व्हिलेजर 61, माझे 43. माझा तवा त्या 20 मिनिटांत एकूण 6 मिनिटं 40 सेकंद रिकामा होता. 400 सेकंद भागिले 25, म्हणजे 16 व्हिलेजर. त्यातला सगळ्यात मोठा पट्टा, सलग 1 मिनिट 50 सेकंद, मी कॅसल कुठे बांधावा याचा विचार करत होतो. म्हणजे स्ट्रॅटेजी करत होतो! आणि 650 दगड जमलेच नाहीत, तो भाग वेगळा.

तरी मँगोनेलचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही. 61 व्हिलेजर असते तरी त्याने जथा फोडलाच असता.

अरेबिया_रोज

फोडला असता. पण तुमच्याकडे तीनऐवजी पाच असत्या, आणि तो त्या पाचांकडे बघत असताना चार नाइट (घोडेस्वार) त्याच्या शेतात घुसले असते. त्याला एकच नजर आहे काका, आपल्यासारखीच. या रविवारी माझ्याशी एक डाव खेळता का? मी आर्चरच काढणार, आधीच सांगून ठेवतो.

गढीवाला

खेळू. पण रविवारी सासुरवाडीची मंडळी आहेत, तर रात्री दहानंतर. नकाशा ब्लॅक फॉरेस्ट. ते नको असेल तर अरीना. अरेबियाच हवं असेल तर 10 मिनिटांचा तह, टॉवर रश बंद, गेमचा वेग 1.7 ऐवजी 1.5, आणि मुलगी उठली तर पॉज. तह 10 चा जास्त वाटत असेल तर 8 चा करू. पण मग मी हिंदुस्तानीज ही संस्कृती घेणार, की गुर्जर घेऊ? थांब, आधी एकदा

अरेबिया_रोज

14